ऊन होतं, लाईट नव्हती

सोसायटीच्या मीटिंगला जायचा मला मनापासून कंटाळा आहे. उभी हयात वीज खात्यात गेली, लोकांच्या तक्रारी ऐकून कान किटले, आणि निवृत्तीनंतर विश्रामबागेत फ्लॅट घेतला तर इथेही "तुम्ही लाईटीतले ना, मग सांगा की" सुरू झालं. गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं तेव्हा अर्थातच सगळं माझ्या गळ्यात पडलं.

त्या मीटिंगमध्ये पहिल्या मजल्यावरच्या सरांनी एक प्रश्न विचारला होता. सर म्हणजे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, माझे संध्याकाळच्या फिरण्याचे सोबती. "लाईट गेली तर हे चालणार का?" त्यांनी सरळ विचारलं. खरं उत्तर 'नाही' होतं. बॅटरी नसलेलं सोलर बाहेरच्या लाईनच्या आधारावर चालतं. लाईन बंद झाली की तेही आपोआप बंद होतं, मग वर कितीही ऊन असो. पण तासभर सगळ्यांनी माझं डोकं खाल्लं होतं. पॅनलखाली पापड वाळत घालता येतील का, इथपर्यंत चौकशा झाल्या होत्या. आता 'नाही' म्हटलं असतं तर बॅटरीवर आणखी तासभर काथ्याकूट झाला असता. मी म्हणालो, "सर, विश्रामबागेत लाईट जाईलच कशाला?"

सगळे हसले, सरही हसले आणि मीटिंग संपली.

पॅनल बसल्यावर महिन्याभरात घरोघरचे जुने इन्व्हर्टर भंगारात गेले. आता आपली वीज वरच आहे, असा सगळ्यांचा समज. जिन्यातून त्या जड बॅटऱ्या उतरताना मी पाहत होतो आणि काही बोललो नाही. सरांची बॅटरी उतरवायला तर मी स्वतः हात लावला होता. पायऱ्यांवर चप्पल घसरली म्हणून चिडचिडही केली होती.

त्या हिवाळ्यात सरांचा श्वास फार बिघडला आणि घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन काढून नळीने नाकात सोडणारं, विजेवर चालणारं. सोबत अडीअडचणीला एक छोटा सिलिंडर. तेव्हा तरी मला तो प्रश्न आठवायला हवा होता. नाही आठवला. मशीनचा प्लग सैल बसत होता, तो मी बदलून दिला, सरांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, केलेला चहा घेतला आणि वर आलो.

मग कृष्णेला पूर आला. पाणी गावात शिरलं, आमच्याकडे नाही आलं. विश्रामबाग उंचावर, याचा आम्हाला सगळ्यांनाच थोडा तोरा आहे. पण सबस्टेशनमध्ये पाणी गेलं आणि आमचीही लाईन बंद केली गेली. मशीन थांबलं. सर छोट्या सिलिंडरवर आले, तो संपत आला तसा ओळखीच्या डॉक्टरांनी कुठूनसा दुसरा पाठवला. तिसरा कुठे मिळेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. वहिनी धापा टाकत वर आल्या.

"भाऊजी, ऊन पडलंय की. आता सोलर सुरू करा ना. यांचा सिलिंडर दुपारपर्यंतच पुरेल."

मी त्यांना सांगितलं. दारातच उभं राहून सांगितलं, कारण आत या म्हणायचंही सुचलं नाही. त्या ऐकून घेत होत्या, पण नजर जिन्याच्या खिडकीतून वर, पॅनलच्या चकचकीत कडेकडे. "म्हणजे ऊन असूनसुद्धा नाही?" त्या म्हणाल्या. मला स्वतःची लाज वाटली. आजही हे लिहिताना वाटते.

थोड्या वेळात सगळी सोसायटी गच्चीवर जमली. "डायरेक्ट करा की साहेब!" आपल्याकडे कुठलीही गोष्ट बंद पडली की हाच उपाय असतो. पॅनलची वीज वेगळ्या जातीची असते, थेट जोडली तर सरांचं मशीन जळून जाईल, हे मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ओरडलो. ज्यांना मी मीटिंगमध्ये हसवून गप्प केलं होतं, त्यांच्यावरच.

तेवढ्यात खाली खात्याची जीप थांबली. कुंडलचा एक वायरमन, माझ्या हाताखाली वर्षानुवर्षं काम केलेला, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर बघायला आला होता. गुडघ्यापर्यंत चिखल, डोळे तारवटलेले. मला बघून त्याने पहिला प्रश्न काय विचारावा?

"साहेब, तुमचं सोलर बंद हाय न्हवं? आमची दोन मानसं फुडं खांबावर हाईत."

म्हणजे सोलर आपोआप बंद होतं ते याच्यासाठी. गच्चीवरची वीज उलटी लाईनमध्ये शिरून खांबावरचा माणूस मरू नये म्हणून. नियम चुकीचा नव्हताच. चुकलो होतो मी.

त्याला सरांचं कळलं तसा तो म्हणाला, "आवं, मग हितं बोलत काय बसलाय? मिरजेचा रस्ता चालू हाय. चला, आमच्या जीपनं न्हेऊ." आम्ही दोघांनी सरांना खुर्चीत बसवून खाली आणलं. जीपमध्ये चढताना त्यांनी एकदा मान वर करून गच्चीकडे पाहिलं.

सर वाचले. हॉस्पिटलात भेटायला आलेली माणसं बाहेर गेल्यावर मी त्यांना म्हणालो, "सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं." ते डोळे मिटून पडले होते. "ते माझ्या लक्षात आलं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर इमारतीचं स्वतःचं मायक्रोग्रिड करायचं मी मनावर घेतलं. सांगायला सोपं आहे. बाहेरची वीज गेली की एक स्विच आधी इमारतीला लाईनपासून पूर्ण तोडतो, मग आपलं ऊन आणि आपल्या बॅटऱ्या यांवर गरजेपुरतं घर चालतं. खांबावरचा माणूसही सुखरूप. करायला मात्र जीव मेटाकुटीला आला. अर्जात दोनच रकाने, लाईनला जोडलेलं किंवा न जोडलेलं. आमचं दोन्ही. ज्या ऑफिसात मी सह्या केल्या, तिथेच बाकावर बसून राहायचं आणि "असं आमच्याकडे कुणी मागितलेलं नाही" हे ऐकून परत यायचं.

मीटिंगा तर विचारू नका. बॅटरीला मर्यादा, तेव्हा आधी काय चालणार याची यादी करायची होती. कुणाला लिफ्ट हवी, कुणाला पाण्याची मोटर, एका बाईंना माशांच्या टाकीतले बुडबुडे. पहिल्या ओळीत मी सरांच्या खोलीतला प्लग लिहिला. त्यावर मात्र कुणी काही बोललं नाही.

चाचणीच्या दिवशी भर दुपारी मी कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरवरून आमची लाईन बंद करवली. वायरमन मुद्दाम आला होता, आमची वीज उलटी शिरत नाही ना, म्हणून त्याने बाहेरची लाईन तपासली. "मेली हाय, साहेब." आणि आत सरांचं मशीन एकदा टुक करून वाजलं आणि चालूच राहिलं. जिन्यात टाळ्या पडल्या. मी थकून पहिल्याच पायरीवर बसलो. मग उठून सरांच्या खोलीत गेलो.

मशीन घुमत होतं. पलंगाशेजारी भिंतीला टेकून मोठा सिलिंडर उभा होता, पुरानंतर मुद्दाम आणवलेला. वहिनींनी त्याला जुन्या साडीचा अभ्रा शिवला होता. येता-जाता त्यांना त्याची अडचण होते, हे मला माहीत होतं.

"सर, आता हा परत पाठवू या का? आता गरज नाही."

सरांनी नाकातली नळी नीट केली. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"विश्रामबागेत लाईट जाईलच कशाला," ते सावकाश म्हणाले. "पण राहू दे."

या वेळी कुणी हसलं नाही. मी खाली वाकून सिलिंडरचा काटा पाहिला. भरलेला होता. तेव्हापासून दर रविवारी तो काटा मी बघून येतो. वहिनी चहा ठेवतात, तो घेतो आणि वर येतो.