कलीमची पांढरी वाटी

नांदेडात दुसऱ्यांची छतं धुऊन पोट भरता येतं, हे कलीमनं करून दाखवलं तेव्हा त्याच्या बापाला, लालमहंमद मिस्त्रीला, आनंद होण्याऐवजी लाज वाटली होती. मिस्त्रीनं जन्मभर स्लॅब टाकले. स्लॅब टाकणाऱ्याच्या लेकानं स्लॅब झाडावा, ही त्याच्या लेखी उतरती कळा. पण बाप गेला आणि लेकानं पंधरा वर्षांत अर्ध्या शिक्षक वसाहतीच्या गच्च्या पायाखाली घातल्या.

वरचं काम तसं अवघड नव्हतं. तारेच्या ब्रशनं शेवाळ खरवडायचं, पावसाळी पाइपात अडकलेला पाला, मेलेलं कबूतर, पोरांचे चेंडू ओढून काढायचे, भेगा भरायच्या, वरून पांढरा रंग मारायचा. अवघड होतं ते खाली, दारात. गिऱ्हाईक दार उघडतं तेच नको म्हणायला. आणि कलीमला खरा रंग चढायचा तो तिथंच. नको म्हणणाऱ्या माणसाला उंबऱ्यावर उभं राहून हो म्हणायला लावण्यात त्याला जी मजा यायची, ती गच्ची लखलखीत झाल्यावरही यायची नाही.

एखादी बाई म्हणायची, पाऊसच धुऊन काढतो की सगळं. कलीम विचारायचा, पाऊस अंगणातही पडतो काकू, मग रोज झाडता कशाला? एखादे साहेब म्हणायचे, गेल्या वर्षीच केलं. कलीम त्यांच्या गुळगुळीत गालाकडे बघत म्हणायचा, दाढीपण गेल्या वर्षीच केली होती का? लातुरात बहीण दिलेली, म्हणून मे महिन्यात आठ-पंधरा दिवस तिकडेही कामं घ्यायचा. तिथली तऱ्हा वेगळी. प्यायला आठ दिवसांनी पाणी येतं आणि तुम्ही आमची छतं धुणार, असं म्हणून लोक अंगावर यायचे. तिथं तो ओलं पोतं दाखवायचा. एका बादलीत अख्खी गच्ची पुसून देतो, आणि ती बादलीही मी भरून आणतो. मग लातूरकरच शिडी काढून द्यायचे.

एकाच हरकतीला तोंडानं उत्तर नव्हतं. "बघू, विचार करून सांगतो." हे म्हणणारा माणूस कधीच सांगत नाही. अशा वेळी कलीम वाद घालायचा नाही. नुसतं एकदा वर जाऊन येतो म्हणायचा. पिशवीत एक पांढरी प्लास्टिकची वाटी असायची. गच्चीवरच्या फुटक्या कुंडीत नाहीतर उपडं न घातलेल्या घमेल्यात साठलेलं पाणी तो त्या वाटीत घ्यायचा आणि खाली येऊन टीपॉयवर, चहाच्या कपाशेजारी ठेवायचा. पांढऱ्या वाटीत डासांच्या अळ्या वळवळताना स्पष्ट दिसतात. घरातले सगळे वाकून बघायचे. कलीम पाहुण्यासारखा हात मांडीवर ठेवून बसायचा आणि हळूच विचारायचा, लेकरं हायत ना घरात?

पंधरा वर्षांत एक घर सोडलं तर या वाटीपुढे कोणी टिकलं नव्हतं. एक बाई तर रडली होती. कलीमनं ते घरी येऊन बायकोला, खातूनबीला, हसत हसत सांगितलं होतं.

कलीमचं स्वतःचं घर गोदावरीच्या अंगाला, गल्लीच्या टोकाला. दोन खोल्या, वर पत्रे, आणि वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर सात जुने टायर. टायरात पाणी साचतं हे जगाला सांगत फिरणाऱ्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. खातूनबीनं जूनमध्ये म्हटलं, टायर उतरवून साफ करा. कलीम म्हणाला, पाऊस धो धो पडून राहिलाय, आपोआप धुतले जातील. जुलैत तिनं परत म्हटलं. तो म्हणाला, गेल्या वर्षीच तर उतरवले होते. ऑगस्ट लागला, जेबाच्या पायांवर डासांचे फोड उठले, तेव्हा तिनं तिसऱ्यांदा म्हटलं. कलीम बूट घालत होता. बघू, म्हणाला, आणि कामाला गेला. जेबा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली, दुसरीत शिकणारी. खातूनबीला बोलता येत होतं, पण हरकती मोडून काढता येत नव्हत्या. ते कसब नवऱ्याचं होतं.

तो त्या दिवशी गेला रेणुकादास सरांकडे. सरांनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि आता निवृत्त होऊन पत्नी सरोजिनी, मुलगा-सून आणि नातू सर्वेश यांच्यासोबत शिक्षक वसाहतीत राहत होते. त्यांच्या गच्चीच्या कठड्यात पिंपळ उगवला होता. कबुतरानं टाकलेलं बी, पण आता मनगटाएवढं खोड झालेलं, मुळं स्लॅबमध्ये शिरलेली, आणि सर्वेशच्या अभ्यासाच्या टेबलावर थेंब थेंब गळती. दोन पावसाळे सर कलीमला परतवत होते. कधी महिना वाईट, कधी वार वाईट. वाटी दाखवली तर सरांनी वाटीतल्या अळ्यांचं शास्त्रीय नाव सांगितलं आणि कलीमलाच चहा पाजून वाटेला लावलं.

खरी हरकत सर बोलत नव्हते, पण कलीमनं ती केव्हाच ओळखली होती. पिंपळ उपटायला हिंदू माणूस धजत नाही. मुळासकट काढला तर घरातल्या लहानावर येतं म्हणतात. म्हणून तर शेजारपाजारचे पिंपळ कलीमच काढायचा. लोक त्याला बोलवायचे, काम चालू असताना आत दार लावून बसायचे, आणि कलीमला त्याचं काहीच वाटायचं नाही. उलट त्यानं त्याचं एक वाक्यच करून टाकलं होतं. तेच त्यानं त्या दिवशी टाकलं.

"पाप माझ्या नावावर टाका की सर. आम्हाला कुठं पिंपळ पुजायचाय."

एरवी लोक एवढ्यावर हसायचे आणि काम मिळायचं. सर हसले नाहीत. ते आत गेले, देवघरातून ताम्हण आणि पळी घेऊन आले. सरोजिनीबाई दाराआड उभ्या राहिल्या. सरांनी कलीमला उजवा हात पुढं करायला सांगितला, तळव्यावर पळीभर पाणी सोडलं आणि ते वाक्य परत म्हणायला लावलं. एकदा नाही, तीनदा. शाळेत पोराकडून पाढा म्हणून घ्यावा तसं. या झाडाचं जे काही असेल ते माझ्यावर, माझ्या घरावर. "माझ्या घरावर" हे शब्द सरांनी घातलेले. कलीमनं तेही म्हटले. हात पँटला पुसला आणि वर जाऊन पिंपळ मुळापासून काढला. काम झकास झालं. गळती थांबली.

बारा दिवसांनी जेबाला ताप आला.

तीन दिवस तापली. चौथ्या दिवशी ताप उतरला, पोरीनं शेवया मागितल्या, खातूनबीनं केल्या. त्याच संध्याकाळी पोट दुखतं म्हणून लोळायला लागली, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी डेंगू सांगितला आणि दोघांकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी खातूनबी पोरीच्या उशाशी, आणि कलीम कपडे न्यायला घरी आलेला. दारात महापालिकेची आरोग्यसेविका उभी. सुकन्या नाव, विशी-बाविशीची, गळ्यात ओळखपत्र. डेंगूचा रुग्ण निघाला की घर तपासावं लागतं, म्हणाली. शिडी लावून स्वतःच पत्र्यावर चढली. वरून तिनं एखादं भांडं मागितलं. कलीमला सुचेना. कोपऱ्यात त्याची कामाची पिशवी पडली होती, त्यातून वाटी डोकावत होती. त्यानं तीच वर दिली.

सुकन्या उतरली आणि वाटी त्याच्यासमोर धरली. पांढऱ्या वाटीत स्पष्ट दिसत होतं. तिला बिचारीला कलीमचा धंदा माहीत नव्हता.

"सातही टायर भरलेत दादा. कधीच उतरवले नाहीत का?"

पाऊस चालू होता, असं काहीतरी कलीम म्हणाला. तिनं पाणी ओतून टाकलं, टायरांना भोकं पाडून घ्या म्हणाली, वहीत लिहिलं, पुढच्या घरी गेली. कलीमनं वाटी पुसली आणि पिशवीत ठेवली. हे त्यानं खातूनबीला सांगितलं नाही. जेबा त्याच रात्री गेली.

तिसऱ्या दिवशी, जियारतीला, रेणुकादास सर आणि सरोजिनीबाई भेटायला आले. एवढ्या वर्षांत वसाहतीतलं कोणी त्या गल्लीत पहिल्यांदाच आलं होतं. सर पुरुषांत खाली मान घालून बसले. सरोजिनीबाई आत बायकांत गेल्या, खातूनबीचा हात धरला आणि हमसून रडल्या. त्या बाईचं रडणं खरं होतं, हेच त्यातलं सगळ्यात वाईट.

"आमच्या सर्वेशवर आलं असतं गं ते. तुझ्या नवऱ्यानं हातावर पाणी घेऊन आपल्या घरावर घेतलं. आम्ही जन्मभर विसरायचो नाही."

खातूनबीला काही कळेना. तिनं दारात उभ्या कलीमकडे बघितलं. सरोजिनीबाईंनी मग पिंपळाची सगळी हकिगत सांगितली, पळीसकट. बायका कानावर बोटं ठेवून तौबा तौबा करू लागल्या.

कलीमनं तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. सांगायला शरम वाटते, पण त्या घटकेला त्याला बरं वाटलं. पोर गेल्यापासून छातीवर जे बसलं होतं ते पहिल्यांदा थोडं उठलं. पिंपळानं पोर नेली असेल तर तो फार तर वेडा ठरत होता. टायरांनी नेली असेल तर तो कोण ठरतो, याचा विचार त्याला झेपत नव्हता. त्यानं पिंपळ पत्करला.

आणि वसाहतीनं तो उचलून धरला. महिन्याभरात गोष्ट घरोघर गेली. बाकीचे नुसतं बोलतात हो, कलीमवर खरंच जातं. ज्यांच्या कठड्यात पिंपळ, वड, उंबर जे काही उगवलं होतं, ते सगळे त्याला बोलवू लागले. अर्धापूरहून फोन आले, लातूरहूनही आले. कोणाची कसली हरकत नाही. महाग म्हणत नव्हतं कोणी, विचार करून सांगतो म्हणत नव्हतं. दार उघडायचं आणि दारात ताम्हण तयार. पंधरा वर्षं ज्या दारांशी तो हुज्जत घालत आला, ती दारं आता त्याला तोंड उघडू देत नव्हती. त्याला घरात घेताना लोक लेकरांना मात्र आतल्या खोलीत पाठवायचे.

जेबाचा चाळिसावा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला मुग्धा नावाच्या बाईनं बोलावलं. नवं घर, तीन वर्षांचा अनय कडेवर, कठड्यात बोटभर पिंपळ. नखानं निघाला असता. तिनं पाणी सोडलं, कलीमनं वाक्य म्हटलं. माझ्या घरावर, म्हणताना त्याची जीभ अडली नाही. मुग्धानं अनयचं तोंड पदरानं झाकून घेतलं होतं.

तो घरी आला तेव्हा अजून उजेड होता. शिडी भिंतीला टेकलेली. सातही टायर अंगणात ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला तापल्या सळईनं पाडलेलं भोक, जळक्या रबराचा वास सुटलेला. खातूनबीचे हात कोपरापर्यंत काळे. चाळीस दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती, आणि कलीम धरून चालला होता की ती पिंपळासाठी बोलत नाही. आजचं उत्तरही तो वाटेत जुळवून आला होता. आता पिंपळाची कामं घेणार नाही, असं सांगणार होता.

तिनं त्याला ओट्यावर बसायला खुणावलं. सकाळी तो कामाला निघताना त्याच्या पिशवीतून तिनं काय काढून घेतलं होतं, ते आता त्याला दिसलं. तिनं ती वाटी त्याच्यासमोर ठेवली. काठोकाठ भरलेली. पांढऱ्या वाटीत अळ्या खालीवर होत होत्या. तीही समोर बसली, हात मांडीवर ठेवून.

"तीन बार बोली थी मैं," ती म्हणाली.

पिंपळ हा शब्द कलीमच्या तोंडात आलेला होता. तो त्यानं गिळला आणि वाटीकडे बघत राहिला.