बाभळीच्या जागी जाळी

जळकोट तालुक्यातील आमच्या शाळेच्या कुंपणालगत, कोणीही न लावलेली एक बाभूळ होती. विज्ञानाचा शिक्षक म्हणून मला तिचे फार अगत्य. कारण तिच्या बुंध्याशी कडुनिंबाचे गुडघाभर रोप वाढत होते. बाभळीवर पक्षी बसतात, निंबोळीची बी टाकतात. सावली अंकुराला जपते, काटे शेळ्यांना रोखतात. यथावकाश निंब वर जातो आणि बाभूळ मागे पडते. पुस्तकात यासाठी आकृती काढावी लागते. आमच्याकडे ती आकृती मैदानात उभी होती. निवृत्त होण्यापूर्वी तो निंब माझ्या डोक्यावर गेलेला पाहावा, एवढीच इच्छा होती.

तेवढ्यात वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरला. झाडे लावायला मोकळी जागा हवी, म्हणून झाड तोडण्याचा आदेश निघाला.

"सर, ती बाभूळ निंबाला सांभाळून आहे," मी मुख्याध्यापकांना म्हणालो.

"गुरुजी, शास्त्र वर्गात ऱ्हाऊ द्या. पाहुणे येऊन राहिलेत. त्यांच्या धोतराला काटा लागला तर जबाब तुम्ही देता का?"

बाभूळ गेली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मावशींच्या शेळीने निंब मुळापर्यंत खाल्ला. मी तक्रार घेऊन गेलो.

"काटे तुमीच काढले," मावशी म्हणाल्या. "शेळीला काय नोटीस दिली होती व्हय?"

बाभळीच्या जागी गुलमोहर लागला. भोवती लोखंडी जाळी, जाळीवर देणगीदाराच्या नावाची पाटी. पाटी रोपापेक्षा उंच. रोपाला इतके हात लागले की छायाचित्रात रोप दिसलेच नाही. उन्हाळ्यात ते वाळले. जाळी मात्र उत्तम तगली.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाहुणे, पुन्हा तोच खड्डा. नवा गुलमोहर शिपायाच्या हातात तयार होता. जाळीच्या कडेवर एक बुलबुल निंबोळी खात बसला होता. आम्हाला पाहून उडाला. आत वीतभर उंचीचा निंब डुलत होता. बाभळीचे सगळे काम जाळीने निमूटपणे केले होते.

"बघा साहेब, मागच्या वर्षीचं झाड जगलं!" मुख्याध्यापक पाहुण्यांना म्हणाले. मग पानांकडे पाहून जरा घुटमळले. "गुरुजी, हेच लावलं होतं न आपण?"

चुकीचे उत्तर दुरुस्त केल्याशिवाय मी वर्गात पुढे सरकत नाही. पण शिपायाने कुदळ उचलली होती.

"हाव सर," मी म्हणालो, "हेच."

नवा गुलमोहर दुसरीकडे गेला.