गुन्वोरचा स्वभाव

गुन्वोरला एका जागी स्वस्थ बसलेलं स्टाइनवोग या उत्तरेकडच्या मासेमारीच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. चर्चमध्येसुद्धा ती दाराजवळचा बाक धरायची, म्हणजे प्रवचन लांबलं तर सटकता यावं. विणकाम घ्यायची, चार ओळी विणायची आणि उसवायची. कॉफी चुलीवर ठेवून धक्क्यावर कुणाची बोट लागली ते बघायला जायची, परत येईपर्यंत कॉफी उतू गेलेली असायची, मग त्या कॉफीवरच चिडायची. पायाला भिंगरी आणि नाकावर राग, हे तिचं वर्णन गावाला पाठ होतं. एकदा असं ठरवून टाकलं की माणसाकडे पुन्हा नीट बघायचे कष्ट वाचतात. छोट्या गावांना हा आळस फार आवडतो.

तिचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. आपण अशाच, असं तिने केव्हाच मान्य केलं होतं. एका नाताळच्या संध्याकाळी नवऱ्याने मीठ मागितलं, तेवढ्यावरून तिने उकडलेल्या बटाट्यांचं भांडं भिंतीवर भिरकावलं होतं. तुरीद, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा शाळेत नुकती जायला लागली होती. ती टेबलाखाली शिरली आणि झोपायची वेळ झाली तरी बाहेर येईना. नवरा ओदमुन भला माणूस. तो आधी मोठ्या मासेमारी बोटीवर जास्त जास्त दिवस राहायला लागला, आणि पुढे बोडो शहरात बिऱ्हाडच करून राहिला. सरकारी डॉक्टरांनी सांगितलं, "बाई, तुमच्या नसा नाजूक आहेत. जरा हवापालट करा." हात थरथरायला लागले तेव्हा तेही त्या नसांच्याच माथी मारलं गेलं.

ती कुठे काम करत होती हे मात्र डॉक्टरांनी विचारलं नाही. सतराव्या वर्षी ती शाळेच्या इमारतीतल्या दातांच्या दवाखान्यात डॉक्टर सिगवाल्ड हेस्टनेस यांच्या हाताखाली लागली होती, आणि केसात पहिली चांदी दिसेपर्यंत तिथेच राहिली. किडलेल्या दातांत भरायचं मिश्रण करणं हे तिचं काम. तांबं आणि पारा यांच्या छोट्या वड्या यायच्या. वडी लोखंडी चमच्यात घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरायची, तिला घाम फुटल्यासारखे पाऱ्याचे थेंब वर आले की खलात घोटायची, आणि मऊ कातड्यात घालून बोटांनी पिळायची. हिवाळ्यात खिडकी उघडायचा प्रश्नच नव्हता, आणि तिथे हिवाळा सरतो कधी? पिळून निघालेला थेंब, जो पोरगा रडला नाही त्याला काडेपेटीत घालून बक्षीस. गावातल्या एका अख्ख्या पिढीने तो थेंब तळहातावर खेळवला होता, आणि त्यासाठी ती पिढी गुन्वोरवर जीव टाकायची.

गुन्वोर म्हातारी झाल्यावर एका शरदात टीव्हीवर एक कार्यक्रम झाला. तिच्यासारखंच काम केलेल्या बायका त्यात बोलल्या. हात कापतात, नावं आठवत नाहीत, उगाच संताप येतो, माणसं दुरावली. मग एक प्रोफेसर म्हणाले की हे पाऱ्याच्या वाफेने होतं, आणि दुसरे प्रोफेसर म्हणाले की सिद्ध काहीच झालेलं नाही, दातांत बसलेला पारा कुणाला खात नाही. देशात हा वाद कित्येक वर्षं चालू होता. आता तो गावच्या दुकानात येऊन पोचला.

"माझ्या नऊ दातांत तेच भरलंय," मासे खारवणारा टोर्लाइफ म्हणाला, "आणि मी अजून पोतं उचलतो."

"उचलतोस, पण ठेवलंस कुठे ते विसरतोस," गल्ल्यावरची बाई म्हणाली.

"गुन्वोर, तू सांग. विष होतं का गं ते?" टोर्लाइफने विचारलं.

"असतं तर पहिला तू गेला असतास," गुन्वोर म्हणाली. "तुला चार काडेपेट्या दिल्यात मी."

सगळे हसले. गुन्वोरही हसली, आणि पाव घ्यायला आली होती तो न घेताच घरी गेली.

हातांचं तिला काही वाटत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचे हात कापायचेच. पण त्या टीव्हीवरच्या बाईने 'संताप' असं म्हटल्यापासून तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. ते बटाट्यांचं भांडं फेकलं कुणी? आपण, की त्या चमच्यातून वर येणाऱ्या वाफेने? ओदमुन कुणाला सोडून गेला? आयुष्यभर जिला आपण 'मी' म्हणून वागवलं ती बाई आपली होती, की कुणीतरी आत शिरून बसलेली? ती रात्ररात्र घरभर फिरायची, कपाटं उघडायची आणि बंद करायची.

तुरीदचं मत पक्कं होतं. तिने स्वतःच्या दातांतलं सगळं काढून पांढरं भरून घेतलं होतं, आणि आता आईला ट्रॉन्डहाइमच्या इस्पितळात न्यायचं ठरवलं होतं. तिथे कामामुळे होणाऱ्या आजारांचा वेगळा विभाग होता. फेरीबोटीतून गाडी उतरली, पुढचा लांब रस्ता सुरू झाला.

"आई, तो पट्टा कितीदा सोडशील? गाडी ओरडतेय."

"ओरडू दे. मला काचतो."

"तो पाराच होता, आई. मला तर शंकाच नाही."

"तुला तसं असायला हवंय म्हणून शंका नाही," गुन्वोर म्हणाली. पुढचे कितीतरी मैल तुरीद नुसता रस्ता बघत राहिली, आणि गुन्वोरला स्वतःच्या जिभेचा राग आला.

डॉक्टरीणबाई तरुण होती आणि खोटा धीर देणारी नव्हती. ती म्हणाली, "रक्तात आता काही सापडणार नाही. पारा केव्हाच निघून गेला असणार. तुमच्या वयात हात थरथरायला इतरही कारणं असतात. मला एकच गोष्ट कळली तर उपयोग होईल. कामाला लागण्याआधी तुम्ही कशा होतात?"

गुन्वोर आठवू लागली. आई गेलेली. बहीण गेलेली. ओदमुनने तिला पाहिलं तेच मुळी ती दवाखान्यात जुनी झाल्यावर. आणि तिचं तिला विचाराल, तर मागे वळून जितकं दिसत होतं तितकं सगळं धावपळ आणि भांडणच होतं. "आठवत नाही," ती म्हणाली. आयुष्यात इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता, आणि नेमका त्याच्याकडे हा विषय काढायची सोय नव्हती.

सिगवाल्ड हेस्टनेस बंदराच्या वरच्या अंगाला एकटे राहत. वय बरंच झालं होतं, पण डोकं शाबूत होतं. टीव्हीवरचा तो कार्यक्रम त्यांनी पाहिला होता आणि त्यानंतर गावात उतरणं बंद केलं होतं. गुन्वोरला दारात पाहून ते म्हणाले, "ये. तूही मला खुनी म्हणायला आलीस का?"

"कॉफी आहे का?"

"आहे. बस."

"बसवत नाही, डॉक्टर. तुम्हाला माहितीये." ती खिडकीपासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालायला लागली.

ते स्वतःच सुरू झाले. "माझ्या आईचे दात लग्नाआधी एका दिवसात उपटले, गुन्वोर. चांगले, धडधाकट दात. बापाने आहेर म्हणून कवळी दिली, नवऱ्याला पुढे दातांचा खर्च नको म्हणून. तेव्हा सगळ्यांचं तसंच चालायचं. रात्री ती कवळी काढायची, आणि विशीतली माझी आई म्हातारी दिसायची. मी डॉक्टर झालो तो त्यासाठी. इथल्या पोरींच्या तोंडात आज स्वतःचे दात आहेत ते कुणामुळे? त्या वड्यांमुळे. आणि आता कुणी उपटसुंभ येऊन सांगतो की मी विष वाटलं."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"मनात आहे तुझ्या."

"मनात काय काय आहे ते तुम्हाला सांगत बसले तर रात्र पुरायची नाही. माझेही दात तुम्हीच राखलेत. मी भांडायला आले नाही."

"तू, आणि भांडायला नाही? मग काम तरी काय आहे?"

गुन्वोर थांबली. खुर्चीची पाठ तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली. "मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा कशी होते?"

विषय बदलला म्हणून म्हाताऱ्याला बरं वाटलं. चेहरा सैल झाला. "तू? अगं, तुझ्याआधी दोन पोरींना काढून टाकलं होतं मी. एक सारखी भांडी आपटायची, दुसरीचं तोंड मिटायचं नाही. मुलं त्यांना बघूनच भोकाड पसरायची. आणि मग तू आलीस. पहिल्याच आठवड्यात बेटावरची एक लहान मुलगी आणली होती. दाढेचं मूळ काही केल्या निघेना. मी घामाघूम झालो, त्या पोरीला नाही नाही ते बोललो, तुलाही बोललो. आणि तू तिचं डोकं धरून उभी. तासभर. हात हललासुद्धा नाही तुझा. शेवटी ती पोरगी तुझ्या हातात झोपली. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, इतकी शांत मुलगी मी जन्मात पाहिली नाही, हिला राग म्हणून येतच नाही, हिला आता मी सोड—"

ते बोलता बोलता थांबले. खुर्ची फरशीवर खडखड वाजत होती. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग ती धरलेल्या हातांकडे.

"गुन्वोर," ते म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "तुरीदने तुला ट्रॉन्डहाइमला नेलं होतं ते आलंय माझ्या कानावर. तिथल्या डॉक्टरांना फोन लावून दे. मी बोलतो त्यांच्याशी. चमचा, दिवा, खिडकी, सगळं सांगतो."

"लावते नंतर," गुन्वोर म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिला हात सोडवत नव्हते. "आधी त्या शांत मुलीबद्दल अजून सांगा. मला ती आठवत नाही."