ताईची अंदमानची तयारी

सकाळी सव्वासातला नितीनचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "मावशी, आई उठत नाहीये," एवढंच तो म्हणाला. मी घाटकोपरहून मुलुंडला ताईच्या घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव, झोपेतच... डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. माझ्या मनात त्या क्षणी जे आलं ते लिहायला आजही लाज वाटते. म्हणजे ताई दम्याने नाही गेली. दीड महिना झाला, ते वाक्य माझा पिच्छा सोडत नाही.

शैलाताई माझी सख्खी बहीण, सहा वर्षांनी मोठी. वडील गिरणीत, गाव मालवणजवळ, समुद्र अगदी मागच्या दारी. मे महिन्यात गावी गेलो की भाऊ दिवसभर पाण्यात आणि आम्ही दोघी काठावर त्यांचे कपडे राखत बसलेल्या. "चेडवांनी पाण्यात जावचा नाय," आई म्हणायची आणि विषय संपायचा. मला ते बरंच वाटायचं, कारण मला पाण्याची भीती. ताईला मात्र ते डाचत राहिलं होतं, हे मला ती साठीला आल्यावर कळलं. विमा कचेरीतून निवृत्त झाली, वर्षभर स्वस्थ बसली आणि एका रविवारी वाल सोलता सोलता म्हणाली, "मी अंदमानला जातेय. स्कूबा करायला. तू पण चल." मी हसले. ती हसली नाही.

मग तयारी सुरू झाली. घराजवळच्या तरणतलावावर बायकांच्या सकाळच्या बॅचला नाव घातलं आणि चार महिन्यांत पोहायला शिकली. तोंडाने श्वास घ्यायची सवय व्हावी म्हणून नाकाला कपड्यांचा चिमटा लावून भाजी चिरायची. चौदाव्या मजल्यावरून लिफ्टने उतरताना नाक दाबून कान मोकळे करायचा सराव करायची, सोसायटीतले लोक बघत राहायचे. "पाण्याखाली श्वास रोखून धरायचा नाही, तेवढं सांभाळलं की झालं," असं मला ऐटीत सांगायची. तिच्याकडे बघून मला हसू यायचं आणि काळजीही वाटायची.

डायव्हिंगवाल्यांनी तब्येतीचा फॉर्म पाठवला तिथे गाडी अडली. ताईने उभी नोकरी लोकांचे फॉर्म तपासण्यात घालवली. खाडाखोड दिसली की फॉर्म परत, रकाना मोकळा दिसला की परत. अशा बाईने 'दमा आहे का' या प्रश्नापुढे सरळ 'नाही' लिहिलं होतं. आणि तिचा पंप तिथेच टेबलावर पडलेला.

"ताई, हे काय?"

"दोन वर्षांत एकदाही धाप लागली नाही मला."

"मग डॉक्टरना विचार ना. ते हो म्हणाले तर जा."

"ते नाहीच म्हणणार, तुला पण माहितीये. गप्प बस ना गं. एकदाच तर जायचंय."

मी गप्प बसले नाही. त्याच संध्याकाळी नितीनला सांगितलं. तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला, डॉक्टर नाही म्हणाले आणि बुकिंग रद्द झालं. ताई तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. चतुर्थीला तिने मोदकांचा डबा पाठवला तेव्हा वाटलं, मिटलं. पुढे दहा महिने आम्ही सगळं बोललो, एक अंदमान सोडून. पाण्याखाली दमा उसळला असता तर काय झालं असतं, हे मी स्वतःला रोज समजावते. ते खरंही आहे. पण ती गेली घरच्या गादीवर, आणि तिचं समुद्रात उतरायचं राहिलं ते माझ्यामुळे...

गेल्या आठवड्यात तिचं ओळखपत्र परत करायला तलावावर गेले. मला वाटत होतं, बुकिंग रद्द झाल्यावर तिने पोहणं सोडलं असेल. शिकवणाऱ्या मानसीबाई म्हणाल्या, "नाही हो, शेवटच्या शनिवारपर्यंत येत होत्या." मग मी कोण ते कळल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. "त्या सांगून गेल्या होत्या, पुढच्या महिन्यापासून बहिणीला घेऊन येते म्हणून. फॉर्म भरून ठेवलाय, तुमची सही तेवढी राहिलीय."

नवशिक्यांच्या बॅचचा फॉर्म होता. ताईचं गोल अक्षर. माझं नाव, वय, पत्ता, रक्तगट, बीपीची गोळीसुद्धा, सगळं खरं खरं. 'अन्य काही त्रास' या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'पाण्याला घाबरते. स्वतःसाठी आणि माझ्यासाठीही.'

मी तिथेच उभ्या उभ्या सही केली. सोमवारपासून जातेय. तलावाचा कठडा अजून हातातून सुटत नाही.