काळेंच्या आधी कोणी फुंकलं?

"काळे, पुन्हा फुंका."

"मॅडम, किती वेळा फुंकू? मी नाई पेलो. जिंदगीत नाई पेलो."

मशीनच्या काचेवर बेचाळीस आकडा होता. आमच्याकडे शून्य म्हणजे शून्यच लागतं. बाहेर सेवाग्रामची बस इंजिन सुरू करून उभी होती आणि खिडकीतून दोन कॉलेजच्या मुली आमच्याकडे बघून हसत होत्या. काळेंनी दुसऱ्यांदा फुंकलं. सव्वीस. मी बदली ड्रायव्हर पाठवून बस सोडली आणि काळेंना बाकावर बसवलं.

मी वर्ध्यातल्या एका शहर बससेवेत वाहतूक निरीक्षक आहे. सुजाता पाटील. बस वेळेवर सुटते का, ड्रायव्हर-कंडक्टर धड आहेत का, हे पाहायचं माझं काम. आमच्या बसेस शहरात आणि पवनार, सेलू, केळझरपर्यंत धावतात.

आता तुम्ही म्हणाल, अख्ख्या जिल्ह्यात दारूबंदी, मग बसमध्ये वेगळी बंदी कशाला? मलाही हेच वाटलं होतं. पण बंदीच्या जिल्ह्यात माणसं कोल्ड्रिंकच्या बाटलीत घालून पितात, आणि आमच्या मागच्या सीटइतकी निवांत जागा त्यांना दुसरी मिळत नाही. म्हणून ऑफिसनं सर्क्युलर काढलं: बसमध्ये दारू पिणाऱ्याला आणि पिऊन येणाऱ्याला उतरवून द्यायचं. पहिल्याच आठवड्यात एका उतरवलेल्या पाहुण्यानं कंडक्टरला विचारलं, "अन् तुमचा डायवर शुद्धीवर हाय का ते पाह्यलं काय?" ती गोष्ट मॅनेजरसाहेबांच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवसापासून ड्युटीआधी सगळ्यांनी मशीनमध्ये फुंकायचं ठरलं.

या मशीनला ब्रेथ अ‍ॅनालायझर म्हणतात. पुढे प्लास्टिकची एक नळी असते, तिच्यात फुंकायचं. श्वासात दारूची वाफ असली तर आकडा येतो. नियमानं प्रत्येकाला नवी नळी द्यायची असते. आमच्या नळ्या पंधरा दिवसांत संपल्या आणि नवीन मागवल्याचा कागद कुठल्या टेबलावर बसला होता कोणास ठाऊक. म्हणून एकच नळी सगळे वापरायचे, अधूनमधून पाण्याखाली धरून.

तीनदा आकडा आला की नोकरी गेली, असं सर्क्युलरमध्ये होतं. काळेंची ही तिसरी वेळ होती.

आणि हे वासुदेव काळे कोण? तर सेलूकडच्या एका गावातल्या दारूबंदी समितीचे सचिव. त्यांची बायको महिला मंडळाबरोबर हातभट्टीची मडकी फोडायला पुढे असते. डेपोत कोणी तंबाखू मळताना दिसलं तरी काळे पाच मिनिटं भाषण द्यायचे. पहिल्या आकड्याला पोरं हसली होती, दुसऱ्याला कुजबुजली, आणि तिसऱ्या दिवशी कोणी काही बोललंच नाही. काळेंना ते जास्त लागलं.

वीस मिनिटांनी मी त्यांना परत फुंकायला लावलं. शून्य.

इथं माझं डोकं चाललं. पोटात गेलेली दारू वीस मिनिटांत उतरत नाही, तासन् तास श्वासात येत राहते. वीस मिनिटांत उडून जाते ती फक्त तोंडातली वाफ, नाहीतर मशीनवरची. आधीच्या दोन वेळी बस निघायची घाई म्हणून कोणी दुसरी टेस्टच घेतली नव्हती. मी मॅनेजरसाहेबांकडे गेले.

"मशीन एकदा हौ म्हणते, एकदा नाई म्हणते. वरच्या ऑफिसले मी काय कळवू?" ते म्हणाले.

"मला शनिवारपर्यंत वेळ द्या."

"देतो. पण लेखी कारण पाहिजे मॅडम. 'माणूस चांगला आहे' हे कारण नाई चालत."

मी काळेंना समोर बसवून सकाळपासूनचा हिशेब विचारला. खोकल्याचं औषध? नाही. होमिओपॅथीच्या गोळ्या? नाही. मुखवास, माऊथवॉश? "ते काय रायते मॅडम?" मग खाल्लं काय? भाकर, चटणी आणि आंबील.

आंबील म्हटल्यावर मी खुर्चीत सरसावून बसले. ज्वारीचं पीठ रात्रभर आंबवून केलेली पेज. आंबवलं की थोडंफार अल्कोहोल होऊ शकतं, एवढं शाळेतलं विज्ञान मला आठवत होतं. दुसऱ्या दिवशी काळेंच्या बायकोनं स्टीलचा डबा भरून आंबील पाठवली. मी ऑफिसात सगळ्यांसमोर पेलाभर प्यायले आणि लगेच मशीनमध्ये फुंकलं. शून्य. आणखी एक पेला. शून्य. आंबील मात्र झकास होती, दिवसभर पोटाला थंडावा होता.

कोणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्या घरची रीत. मी त्यात आईनं केलेली अंबाडीची भाजी घालून बुधवारी परत दिला. काळेंना ड्युटी नव्हती, ते चौकशीसाठी येऊन बसत. त्यांनी भाजी तिथंच विश्रांतीच्या खोलीत खाल्ली आणि डबा बोटानं पुसून घेतला.

मशीन बिघडलं असेल म्हणून मी दुसऱ्या डेपोतून एक मशीन आणून शेजारी ठेवलं. दोघांचे आकडे सारखे. मग राहिलं रजिस्टर. त्यात प्रत्येकाचं नाव, वेळ आणि आकडा असतो. मी गेल्या महिनाभराची पानं काढून नुसती बघत बसले. काळे बावीस दिवस ड्युटीवर. एकोणीस दिवस शून्य, तीन दिवस आकडा. त्या तीन दिवसांत वेगळं काय? बस तीच, वेळ तीच. मग मी काळेंच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. एकोणीस दिवस त्यांच्या आधी तायवाडे नावाचे ड्रायव्हर होते. तायवाडेंची रजा असलेले तीन दिवस त्यांच्या आधी गौतम मेश्राम होते.

मला आनंद झाला, खोटं का बोलू. मॅनेजरसाहेबांना सांगितलं तर ते टेबलावर हात मारून म्हणाले, "मंग सरळ आहे ना! मेश्राम पिऊन येते, त्याची वाफ नळीत रायते, अन् काळे फसते."

आणि मलाही ते पटलं. मी मेश्रामांना बोलावून घेतलं. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा ड्रायव्हर.

"मेश्राम, काही घेता का सकाळी? औषध वगैरे?"

"नाई मॅडम."

"जरा तोंड उघडा." मी खरंच वास घेतला.

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, माह्या नावापुढं तिन्ही दिवस शून्य लिवलं हाय. मी पेलो असतो तं मशीननं मले सोडलं असतं काय?"

इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी सॉरी म्हणाले. ते "ठीक हाय" म्हणून बाहेर गेले. तो वास घेतल्याची मला आजही लाज वाटते.

आता एकच मार्ग होता. शुक्रवारी मी तोच प्रसंग पुन्हा उभा केला. तायवाडेंना पहिल्या बसला पाठवलं आणि रांगेत आधी मेश्राम, मागे काळे. काळेंना सांगितलं, ड्युटी नाही पण टेस्ट द्या. मशीन क्लार्ककडे दिलं आणि मी तिकीट खिडकीच्या जाळीमागे उभी राहिले.

मेश्रामांनी फुंकलं, शून्य, सही करून गेले. काळे पुढे आले. मशीन हातात घेतलं, खिडकीकडे वळले, पँटच्या खिशातून छोटी बाटली काढली, रुमालावर दोनदा शिंपडली आणि नळीचं टोक आतून-बाहेरून पुसलं. क्लार्क रजिस्टरात वेळ लिहीत होता. मग काळेंनी फुंकलं. अडतीस.

बाटली सॅनिटायझरची होती. सॅनिटायझर म्हणजे अर्ध्याहून जास्त अल्कोहोल. मी आतून आले, त्यांच्या हातातला रुमाल घेतला, दुसऱ्या मशीनची नळी पुसली आणि स्वतः फुंकलं. मशीनच्या मते मी काळेंपेक्षा जास्त प्यायले होते.

"याच्यात दारू हाय?" काळेंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दारूबंदी समितीचा सचिव कोरोनापासून खिशात अल्कोहोल घेऊन फिरत होता. मला हसू आलं, त्यांनाही आलं. सुटलो, म्हणून त्यांनी हात जोडले.

माझं एकच कुतूहल शिल्लक होतं. मी त्यांना माझ्या केबिनमध्ये घेऊन गेले.

"पण काळे, पुसता कशाला?"

"हायजीन मॅडम. सगळ्यायचं तोंड लागते."

"मंग तायवाडेच्या मागं एकोणीस दिवस होते. तेव्हा काऊन नाई पुसली?"

काळे खाली बघायला लागले. मग दाराकडे एक नजर टाकून, आवाज उतरवून, अगदी विश्वासानं म्हणाले, "मॅडम, तुमी पाटील. आपल्या घरच्या मान्साले काय लपवावं? मेश्राम मानूस चांगला हाय, माह्या मनात काईच नाई. पन तोंड लावाची गोष्ट हाय ना. घरचं वळन, दुसरं काय."

मला राग आला. खूप आला. पण त्याहून आधी मला मेश्रामांचं उघडलेलं तोंड आठवलं.

"परवाची भाजी कशी होती?" मी विचारलं.

"भाजी? एक नंबर होती मॅडम. बायकोले म्हटलं, शिकून घे."

"माझ्या आईनं केली होती. आम्ही बौद्ध आहोत, काळे. आमच्यातही पाटील असतात."

पंखा फिरत होता. काळेंनी मी परत दिलेला तोच रुमाल खिशातून काढला, कपाळाला लावला, आणि पुन्हा खिशात ठेवला. मी त्यांच्यासमोर कोरा कागद सरकवला.

"ऑफिसला लेखी कारण पाहिजे. लिहा."

"'स्वच्छतेसाठी पुसली' असं लिवतो."

"लिहा. मग वरचे विचारतील, स्वच्छता तीनच दिवस का आठवली? बाकी एकोणीस दिवस उलटे पडतील तुमच्यावर. ते म्हणतील, पिऊन आला आणि आता बाटली दाखवतो."

ते खरं होतं, मी त्यांना भीती घालत नव्हते. ते प्यायलेले नव्हते हे सिद्ध करणारी गोष्ट जगात एकच होती, आणि ती त्यांना स्वतःच्या अक्षरात लिहावी लागणार होती. मॅनेजरसाहेब मध्ये डोकावले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"अरे यार मॅडम, हे कागदावर काऊन घेता? नळ्या मागवू, विषय खतम."

"नोकरी कोणत्या कारणावर वाचवायची साहेब? नळ्या काल नव्हत्या, हे कारण नाही."

ते निघून गेले. काळे तासभर त्या कागदापुढे बसले. दोनदा चहा आला, दोनदा थंड झाला. शेवटी त्यांनी लिहिलं: 'माझ्या आधी श्री. गौतम मेश्राम यांनी नळी तोंडाला लावलेली असल्याने मी ती तिन्ही दिवशी सॅनिटायझरने पुसली. इतर दिवशी पुसली नाही. मी दारू प्यायलेली नाही.' खाली सही, तारीख.

कागदात मेश्रामांचं नाव होतं, तेव्हा त्यांना दाखवणं भाग होतं. दुपारी ते केळझरची फेरी करून आले. उभ्यानंच वाचलं. दोनदा वाचलं.

"अक्षर चांगलं हाय काळेचं," ते म्हणाले.

"तुम्हाला तक्रार करायची असेल तर करा. मी साक्षीदार आहे."

"पाह्यतो." कागद त्यांनी नीट टेबलावर ठेवला. "मॅडम, तो रुमाल मले पह्यल्याच दिवशी दिसला होता. बसच्या आरशात दिसते ना मांगचं सगळं."

"मग मला सांगितलं काऊन नाही? मी तर तुमचं तोंड हुंगलं."

"म्हनूनच," मेश्राम म्हणाले आणि किल्ली घेऊन पुढच्या फेरीला निघून गेले.

सोमवारी काळे ड्युटीवर परत आले. त्याच आठवड्यात नळ्यांचे दोन खोके आले. आता प्रत्येकाला नवी नळी मिळते, फुंकून झालं की डब्यात टाकतात, कोणाला काही पुसावं लागत नाही. काळेंचा आकडा रोज शून्य. मेश्रामांचा तर आधीपासूनच शून्य होता. मॅनेजरसाहेबांनी वरच्या ऑफिसला कळवलं की तांत्रिक अडचण दूर झाली.

क्लार्कसाठी मी भिंतीवर एक सूचना लावली आहे, आणि या प्रकरणातून आमचा डेपो अधिकृतपणे एवढंच शिकला आहे: टेस्टआधी नळीला सॅनिटायझर लावू नये. सूचनेखाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. काळेंनी मेश्रामांच्या खालच्या ओळीत सही केली. पेन एकच होतं, मेश्रामांनी त्यांच्या हातात दिलं. मी बघत होते. काळेंनी ते न पुसता घेतलं.