काखेतला पाटील

सकाळचे पावणेसहा. नेकनूरात विहिरीकडे जाणाऱ्या बोळात भिवराबाई अंगण झाडते आहे. उजव्या हातात खराटा, डाव्या काखेत कोंबडा. तांबडा, उभ्या तुऱ्याचा, पायामागचे काटे बोटाच्या पेराएवढे. तो सुटायला धडपडला की ती काख आवळते आणि झाडत राहते.

आज निकालाचा दिवस आहे. थोड्या वेळानं शेजारची सुंदरबाई घागर घेऊन इथून जाईल. कोंबडा तिच्या अंगावर गेला, तर त्याला संध्याकाळी गावाबाहेर मरीआईच्या देवळापाशी सोडून यायचं, असं भिवराबाईनं चार बायांसमोर कबूल केलं आहे. तिथं कोल्हे फिरतात.

हा कोंबडा साधा नाही. दोन वर्षांमागं मानमोडीची साथ आली. घरोघर माणसं तापानं गेली. भिवराबाईची मुलगी मुक्ता पडून होती. मुलगी उठली तर एक कोंबडा तुझ्या नावानं सोडीन, त्याला कापणार नाही, माझ्या दारात मरेपर्यंत जगवीन, असा शब्द तिनं मरीआईला दिला. मुक्ता उठली. आज ती केजला सासरी नांदते.

कोंबडा देवीचा, म्हणून त्याला कुणी हुसकलं नाही. पाण्याला जाणाऱ्या बाया त्याला हात जोडत आणि बाजूनं जात. वर्षभरात तो बोळातून चालणाऱ्या प्रत्येकावर उडी घेऊ लागला. गेल्या पंधरवड्यात त्यानं सुंदरबाईची पोटरी फाडली. तिची भरलेली घागर फुटली.

"भिवरामाय, तुझी देवी तुझ्या घरात ठेव!" सुंदरबाई ओरडली. "आमी पाण्याला जावं का न्हाई?"

"देवीचं जनावर हाय, बाई. मारू कसं?"

"मारू नको. तिच्या दारात न्हेऊन सोड. तिचं ती बघंल."

भिवराबाईचा दीर बंकट ओट्यावर बसून हसत होता. "वैनी, पाटील आला तरी ह्या बाया इतक्या लगबगीनं सरकत न्हाईत. मंग ह्योच पाटील झाला की!"

कोंबड्याचं नाव तिथंच पडलं. भिवराबाई मात्र हसली नाही. सगळे वाट देतात, म्हणून त्याला वाट आपली वाटते, एवढं तिला त्या थट्टेतून कळलं. "पंधरा रोज द्या मला," ती सुंदरबाईला म्हणाली. "मग तू म्हणशील तसं."

दुसऱ्या दिवशी कोंबडा पिसं फुलवून धावून आला. ती मागं सरली नाही. कोंबड्या झाकायचं डालं पायांपुढं धरून ती त्याच्याच दिशेनं चालत गेली. त्यानं डाल्यावर उड्या मारल्या, दमला, वळला. वळल्याबरोबर तिनं त्याला पाठीवरून दाबून उचललं आणि काखेत मारलं. मग त्याच्या कोंबड्यांसमोर भांडी घासली, शेण उचललं, दाणे टाकले. पाटील काखेतून बघत राहिला. तिनं त्याला एक फटका मारला नाही. रोज हेच. चौथ्या दिवशी तिचा हात फाटला. तिनं हळद दाबली आणि काख सोडली नाही.

बायांनाही तिनं बजावलं, "हात जोडायचे तर देवळात जोडा. हितं कुणी सरकायचं न्हाई."

झाडणं झालं. तिनं पाटलाला खाली ठेवलं. समोरून सुंदरबाई आली, डोक्यावर नवी घागर. कोंबड्यानं मान ताणली, एक पंख खाली सोडला. सुंदरबाईचा पाय अडखळला.

"थांबू नको," भिवराबाई म्हणाली. ती जागची हलली नाही.

सुंदरबाईनं दम घेतला. "सरक बे, पाटला!"

आणि ती सरळ त्याच्यावर चालून गेली. पाटील क्षणभर उभा राहिला. मग त्यानं माती उकरल्यासारखं केलं, दाणा सापडल्यासारखी चोच मारली आणि भिंतीकडेनं बाजूला झाला.

ओट्यावरून बंकट म्हणाला, "गेली, पाटीलकी गेली!"

"कशाला जाईल?" भिवराबाई म्हणाली. तिचा आवाज विहिरीपर्यंत गेला. "देवीचाच हाय त्यो. पण माझ्या दारात ऱ्हातो."

सुंदरबाईनं मान डोलावली आणि घागर घेऊन पुढं गेली.

उद्या मंगळवार, देवीचा वार. खुराड्याची फळी याच वेळेला उघडेल: आधी कोंबड्या, सगळ्यांत शेवटी पाटील. आणि झाडणं होईपर्यंत तो काखेत असेल.