मुंबई ते कराची, सरळ

"सरळ मोजा," असं म्हणून तो कोटाच्या खिशातून पांढरा दोरा काढायचा. नकाशावर एक टोक मुंबईवर, दुसरं कराचीवर. दोरा ताणायचा, पट्टीला लावायचा आणि मैल सांगायचा. मी निपाणीच्या ज्या शाळेत शिकवायचो तिथला हा भूगोलाचा मास्तर मला कधीच आवडला नाही. आज तो नाही म्हणून आवडल्याचं सोंग मी करणार नाही.

निपाणीत वाट विडीवर मोजतात. अमकं गाव दोन विड्या ओढून होईपर्यंत येतं, तमक्याला पाच लागतात. मास्तरला याची शिसारी. टपाल विमानाने जाऊ लागल्यापासून तर त्याचे पाय जमिनीवर नव्हते. बाजारात भाजीवालीलाही तो सांगायचा, की मुंबईहून कराची साडेपाचशे मैल, विमानाला सहा-सात तास. तिला कराचीला जायचं नाही, हे त्याच्या गावीही नसे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याला घरात घेऊ नका.

आम्ही घेतला. माझा धाकटा भाऊ कराचीच्या गोदीत कारकून होता. त्याचं पत्र आलं, की बसऱ्याला नोकरी मिळाली, पुढच्या शुक्रवारच्या बोटीने जातोय. इकडे आमचे वडील, अप्पा, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले. त्याला थांबवायलाच हवं होतं. मी तार करायला निघालो, तर मास्तर दारात उभा.

"तार कशाला? तारेत चार शब्द मावत्यात," तो आईला म्हणाला. "आक्का, मनातलं सगळं लिवून घ्या. विमान सहा-सात तासांत पोचवतंय."

आईला पटलं. तिने दोन पानं सांगितली, मी लिहिली. मास्तरने हिशेब धरला तो फक्त हवेतला. निपाणीहून मोटारीने कोल्हापूर, तिथून आगगाडी, मग मुंबईत आठवड्याच्या विमानाची वाट बघत पडून राहणं, हे त्याच्या दोऱ्यात बसत नव्हतं. आणि मीही शिकलेला गाढव, तार केली नाही.

पत्र न फोडताच परत आलं. ते पोचायच्या दोन दिवस आधीच बोट सुटली होती. मी पाकीट मास्तरच्या पुढ्यात आपटलं. त्याने चष्मा लावून मुंबईचा शिक्का पाहिला, कराचीचा पाहिला. दोन्हींवर तारीख एकच.

"त्याच दिवशी पोचलंय बघा," तो म्हणाला. "मी चुकलो न्हाय."

त्यानंतर मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. शाळेत खुर्च्या शेजारीशेजारी, तरीही नाही. अप्पा गेले. बसऱ्याहून भावाचं नवा पत्ता कळवणारं एक कार्ड आलं, पुढे काहीच नाही. आई पत्र लिहून दे म्हणायची. जो उत्तर देत नाही त्याला मी लिहिणार नाही, असं मी तिला एकदा तोडून सांगितलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात बेळगावजवळ सांबऱ्याला विमानं उतरू लागली. सगळी शाळा बघून आली. मास्तर गेला नाही. खोड जिरली, असं वाटून मला बरं वाटलं.

तो वारला त्या दिवशी मी घरीच बसलो. आई मात्र त्याच्या घरी जाऊन आली. आंघोळ करून माझ्यासमोर बसली.

"दर म्हैन्याला बसऱ्याला माझं पत्र त्यो लिवून द्यायचा," ती म्हणाली. "आता तू लिव्ह."